लाइनवर राहा

बिल्किसच्या मुलानं करवत पुढे केली. मी नको म्हटलं.
घरून ब्लेड आणलं होतं, स्पिरिटनं पुसून, रुमालात.
डोळ्याच्या दोन बोटं खाली तिरका काप.
चीक इतका आला की फरशीवर पांढरे टिपके पडले.
सून म्हणाली, असू दे काकू,
परवा फ्लॅट रिकामाच करायचाय.

झाड छताला लागून पंख्याकडे वळलं होतं.
मस्कतला झाड नेता येत नाही.
बिल्किसला येतं. तिचा पासपोर्ट
गोळ्यांच्या डब्यावर ठेवलेला.
जिच्या एका हाकेवर बार्शी, लातूर, उदगीर जागं व्हायचं,
तिला गेल्या पौषापासून पाणीसुद्धा मागता येत नाही.

तेव्हा ते कमरेएवढं होतं,
ट्रंक हॉलमध्ये, अकरा नंबरच्या बोर्डामागे.
रात्री दोन ते चार जगात कुणी कुणाशी बोलत नसे.
हेडसेट गळ्यात अडकवून
आम्ही ओल्या फडक्यानं पानं पुसायचो,
वरची ती, खालची मी, कारण ती उंच.
हॉल बंद झाला तेव्हा पंखे, स्टुलं, पिकदाणीसुद्धा
डेड स्टॉकच्या रजिस्टरात सापडली.
झाड कुठल्याच पानावर नव्हतं.
मग तिची लूना, मागे मी, मांडीवर कुंडी.
कँपात पोलिसानं शिट्टी मारली,
आणि पानांतून माझं तोंड दिसल्यावर सोडून दिलं.

गंगाधामच्या चढावर रिक्षावाला म्हणाला, आंबा का?
रबर.
ते कशाला लागतं?

नर्सरीतल्या इंगवल्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
याची गुटी बांधायची असते. झाडावरच. फांदी कोण कापतं?
झाड चाललंय, म्हटलं.
मग बोलणंच खुंटलं, म्हणाले,
पन्नास रुपयांची पावडर दिली, सुट्टे मागितले.

पान गुंडाळून त्याला रबरबँड लावला.
रबराला रबर. हसू आलं, एकटीलाच.
लोणच्याच्या तीन बरण्या, तीन फांद्या, कोमट पाणी.
पहिली अकराव्या दिवशी काळी पडली.
दुसरीचं पान सुरळीतच पिवळं झालं,
रबरबँड काढला तर
हातात आलं, बिलासारखं.
तिसरी तशीच आहे.
मरत नाही, लागत नाही.

हा शब्द आम्ही दिवसातून हजारदा ऐकायचो.
लागला का? लागत नाहीये. लाइनवर राहा.
कुणाचा बाप गेलेला, कुणाला मुलगी झालेली,
कुणाला नुसता मिरचीचा भाव हवा,
सगळ्यांना तेच. लाइनवर राहा.
आणि मग खरखर. तिच्यात आम्ही दोघी बसून,
दुसऱ्यांच्या वतीनं वाट बघत.

आज अडतिसावा दिवस.
बरणी उजेडाला धरली. कापाच्या कडेला
पांढरा फोड, मोहरीएवढा.
मूळ असेल. कुजही असेल.

इथे अकरा, तिथे साडेनऊ.
सुनेनं फोन तिच्या कानाला लावला.
पलीकडे श्वास. तो मी ओळखते,
सव्वीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर ऐकलाय.

हॅलो मस्कत, म्हटलं. पुणे बोलतेय.

बराच वेळ काही नाही.
मग टक. मग टक टक.
नखानं, फोनच्या काचेवर,
बोर्ड रिकामा असला की ती पेन्सिलीनं करायची तसं.
लागली का विचारतेय,
की लागलाय म्हणतेय, कळेना.
मोहरीएवढं आहे, म्हटलं. अजून हात लावत नाही.

घड्याळाकडे पाहिलं, जुनी खोड.
तीन मिनिटं झाली होती.
वाढवली.